होळकरांची डूसेनबर्ग

उज्जैनहून इंदूरकडे जाणारा सुमारे 55 किलोमीटरांचा रस्ता एके काळी दोन मराठी संस्थानांना जोडीत असे. उज्जैन शिंद्यांचे, इंदूर होळकरांचे. 1801 च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या पलटणींचा धुव्वा उडविला आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटून त्याचे उट्टे काढले. पुढे एकशे तीस-पस्तीस वर्षांनी त्याच घराण्यातील दुसऱ्या यशवंतरावांनी एक मोटारगाडी मागविली. जगातील जाणकारांना आज होळकरांचे नाव ठाऊक असते ते बहुधा लढायांमुळे नव्हे, तर या गाडीमुळे!

हे यशवंतराव (1908–1961) ऑक्सफर्डला शिकलेले. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसिउस यांच्याकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग महाल बांधून घेतला; तेथे दरबारी थाटाऐवजी अद्ययावत युरोपीय बनावटीचे सामान होते. मोटारीच्या बाबतीतही त्यांची दृष्टी तीच. 1930 च्या दशकाच्या मध्यास त्यांनी अमेरिकेतील डूसेनबर्ग कारखान्याची चासी घेतली आणि तीवरील बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीकडून घडविली. एवढी लांबलचक गाडी, पण बसायची सोय जेमतेम दोघांची. वर टप नाही. रंग नारिंगी आणि काळा. पुढच्या बाजूस लाल व निळे दिवे. आत महाराज आहेत की महाराणी, हे दुरूनच कळावे म्हणून ते बसविले होते, असे सांगतात.

डूसेनबर्ग बंधू मूळचे जर्मन, लहानपणी अमेरिकेत गेलेले. 1921 साली त्यांच्या गाडीने फ्रान्समधील ग्रां प्री शर्यत जिंकली. 1928 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांचा ‘जे’ नमुना आला. एका ओळीत आठ सिलिंडर, बत्तीस व्हॉल्व, 265 अश्वशक्ती. त्याच वेळच्या फोर्डच्या गाडीची शक्ती होती 40! 1932 च्या ‘एसजे’मध्ये इंजिनात हवा दाबून भरणारी योजना केल्याने हा आकडा 320 वर गेला. कारखाना केवळ इंजिनासह चासी विकी. तिचीच किंमत आरंभी साडेआठ हजार डॉलर होती. बॉडी ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे करवून घ्यावी. 1937 मध्ये हा उद्योग बंद पडला, तोवर ‘जे’ वर्गाच्या पाचशेही गाड्या झाल्या नव्हत्या.

अशी गाडी ओळखावी कशी? बॉनेटच्या बाजूने बाहेर आलेल्या चकचकीत नळ्या दिसल्या की हौशी मनुष्य ‘एसजे!’ म्हणून मोकळा होतो. परंतु तशा नळ्या साध्या ‘जे’लाही बसवून मिळत. भरवसा ठेवावा तो चासीवरील व इंजिनावरील क्रमांकांवर. अमेरिकेत पुढे एका गाडीची बॉडी दुसरीच्या चासीवर चढविण्याचे प्रकार पुष्कळ झाले. म्हणून चासी, इंजिन आणि बॉडी ही तिन्ही पहिल्यापासून एकत्र असलेली गाडी दुर्मिळातही दुर्मिळ ठरते.

1948 साली होळकर व शिंदे ही दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि मोटारखान्यांच्या पाठीशी असलेला खजिना गेला. संस्थानिकांच्या गाड्या एकामागून एक विकल्या गेल्या. होळकरांची डूसेनबर्ग अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती गेली; माणिकबागेतील सामानाचा 1980 मध्ये माँटे कार्लो येथे लिलाव झाला आणि महालात सरकारी करखात्याची कचेरी आली.

2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात; रोजच्या वापरास व धंद्यास मनाई आहे. चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट सर्वांत महत्त्वाची. माळव्यातल्या एखाद्या वाड्यात ताडपत्रीखाली जुनी अमेरिकन गाडी अजून उभी असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी तिच्यावरील क्रमांक उतरून घ्यावेत आणि बॉडी बनविणाऱ्याची बारीकशी पितळी पट्टी, असल्यास, जागची हलवू नये.