डालड्याचा डबा

दिवाळीत पुण्याहून नात आली. पिशवीतून तिनं पिवळा डबा काढला, हिरव्या ताडाच्या झाडाचा. "आबा, ओळखला का?" डबा होता कोरा. कडेचा गंज मात्र रंगानं काढलेला! मी बोटानं घासून पाह्यला, निघेना.

डालडा आपल्या देशात १९३७ साली आला. 'दादा' नावाच्या डच कंपनीच्या नावात लिव्हर कंपनीनं मधात आपला 'ल' घातला, अन् झाला डालडा. तेल गोठवून केलेलं हे वनस्पती तूप. आमच्या दर्यापुराकडे शेतकरी घरचं साजूक तूप बाजारात विके, अन् लेकीच्या लग्नातल्या बुंद्या डालड्यात काढे. नकली मालाले लोक 'डालडा' म्हणत, पण रिकामा डबा कोणी फेकत नसे. मोठ्यात ज्वारीचं पीठ, मधल्यात मुगाची डाळ, लहान्यात तिखट. एखाद्यात तुळस लागे. अन् खरं सांगायचं तं, सकाळी परसाकडे जातानाही हातात डालड्याचाच डबा राहे.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारं, त्यानं पत्रा लवकर खाल्ला जाते. म्हणून माय डबा कधी धुवत नसे. राखेनं घासे, कोरड्या फडक्यानं पुसे. म्हणे, "पाणी लावू नोको रे त्याले, गंजते." १९७२ च्या दुष्काळात त्याच डब्यात रेशनचा लाल मिलो होता. अमेरिकेचं धान्य, भाकर थापता थापता तुटे. माय तरी डबा पुसूनच ठेवे.

पुढं माझ्या दहावीच्या परीक्षेची फी भरायची होती. बापाच्या हाती पैसा नव्हता. मायनं मुगाच्या डाळीत कोपरापर्यंत हात घातला अन् फडक्याची पुरचुंडी काढली. तूप विकून बाजूला ठेवलेले पैसे होते. मी दहावी झालो तो त्या डब्यामुळं.

माय गेली. नंतर घरावर स्लॅब टाकली, तेव्हा जुनं सामान भंगारवाल्याले किलोनं दिलं. त्यात तो डबाही गेला. मीच दिला. बदल्यात आलेल्या पैशाचा पावभर चिवडाही झाला नसेल.

ज्या गंजासंगं माय जन्मभर भांडली, तो आता रंगवून विकत मिळते. नातीनं विचारलं, "आबा, शोकेसमध्ये ठेवू?"

म्हटलं, "ठेव, पण मुगाची डाळ भरून ठेव."

भंगाराची गोष्ट मात्र तिले सांगवली नाही. ती इथं लिहून ठेवतो.