एक मजकूर, दोन रूपे : वेबपानाच्या छपाईचा इतिहास

१/७
जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली, ती माहितीच्या देवाणघेवाणीसाठी. मजकुराची रचना लेखकाने सांगावी; तो दिसावा कसा, हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवावे, असा प्रारंभीचा संकेत होता.

२/७
वेबचा प्रसार झाला तसा लेखकांना रूपावरही ताबा हवासा वाटू लागला. टंक आणि रंग मजकुरातच मिसळले गेले; रकाने पाडण्यासाठी तक्ते आले. पडद्यावर देखणे दिसणारे पान छापताना मात्र उजवीकडे कापले जाई. परिणामी अनेक संकेतस्थळे छपाईसाठी वेगळी प्रत ठेवू लागली. दुरुस्ती एकाच प्रतीत झाली, की एका मजकुराचे दोन पाठ उरत.

३/७
१० ऑक्टोबर १९९४ रोजी होकोन व्हिउम ली यांनी सर्नमधूनच यावर तोडगा सुचवला : रूपाचे नियम मजकुराबाहेर, स्वतंत्र स्टाइलशीटमध्ये ठेवावेत. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाणित झाली.

४/७
छपाईच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती १२ मे १९९८ची दुसरी आवृत्ती. पडदा, कागद, ब्रेल, वाणी अशा प्रत्येक माध्यमाला आता निराळे नियम देता येऊ लागले. समास किती असावा, नवे पान कोठे सुरू व्हावे, हेही सांगता आले.

५/७
चित्रांचा प्रश्न अधिक नाजूक होता. पानाला विभागाचे नाव दिले, की त्या विभागाचे शीर्षचित्र स्टाइलशीट पार्श्वभूमीवर आणी. परंतु शाई वाचावी म्हणून ब्राउझर सहसा पार्श्वभूमी छापत नाहीत. ज्यांनी मथळ्याची अक्षरे लपवून त्या जागी चित्र ठेवले होते, त्यांच्या कागदावर ना चित्र उमटे, ना मथळा. छपाईच्या नियमांत ती अक्षरे पुन्हा प्रकट करणे, हाच उपाय होता.

६/७
मे २००२ मध्ये एरिक मायर यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’मधील लेखात छपाईची स्टाइलशीट कशी रचावी, हे दाखवले. कागदावर दुव्याला टिचकी मारता येत नाही. म्हणून दुव्यापुढे त्याचा पत्ताच छापण्याची युक्तीही त्यात होती.

७/७
२००५ मध्ये ली आणि बॉस यांनी सीएसएसवरील आपल्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती सीएसएसनेच मांडून छापली. पडद्यासाठी जन्मलेले तंत्र पुस्तकापर्यंत पोहोचले. कागदावर काय उतरते, यावरच पुढील वाचकाच्या हाती काय उरते ते ठरते. मथळा आणि संदर्भ गळालेले पान साधन म्हणून दुबळेच राहते.