हातातील दीप आणि कॅमेऱ्याची दृष्टी

कॅमेऱ्याच्या साहाय्याने हाताच्या हालचालीचे मापन करण्याच्या इतिहासात श्रेय बहुधा कॅमेऱ्याच्याच पदरात टाकले जाते. वस्तुतः मापनाची अचूकता कॅमेऱ्याइतकीच हातातील दिव्याच्या रचनेवरही अवलंबून राहिली आहे.

पॅरिस येथील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८८३ च्या सुमारास मनुष्याला काळा पोशाख चढवून त्यावर पांढऱ्या पट्ट्या लावल्या, आणि एकाच काचेवर त्याच्या चालण्याच्या अनेक अवस्था टिपल्या. येथे पट्ट्या केवळ परावर्तित प्रकाश देत. अमेरिकेतील फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९१२ च्या सुमारास कामगाराच्या बोटालाच लहान विद्युद्दीप बांधला. छायाचित्रात हाताच्या मार्गाची अखंड रेषा उमटली. परंतु तीत काळही नव्हता, दिशाही नव्हती. म्हणून त्यांनी विद्युत्प्रवाह ठराविक कालांतराने खंडित केला. ठिपके मोजले की वेळ कळे. दीप चटकन पेटून सावकाश विझेल अशी योजना केल्याने प्रत्येक ठिपका एका टोकास निमुळता होई व त्यावरून दिशा समजे. खोलीसाठी दोन भिंगांचा कॅमेरा होता. युक्ती अपूर्व खरी. मात्र त्या रेषेवरून कामगाराने हात कसा हलवावा हे दुसऱ्यानेच ठरवावयाचे होते, हे विसरता येत नाही.

सोनी कंपनीने २०१० साली आणलेल्या ‘प्लेस्टेशन मूव्ह’ या हस्तनियंत्रकात हा संबंध उलटला: येथे हात आज्ञा देतो. त्याच्या टोकाशी प्रकाशमान गोल आहे. गोल कोणत्याही बाजूने पाहिला तरी त्याची प्रतिमा जवळजवळ वर्तुळाकारच पडते आणि अंतर दुप्पट झाले की तिचा व्यास निम्मा होतो. त्यामुळे एकाच कॅमेऱ्यावरून अंतर काढता येते. पण प्रतिमेचा व्यास २० चित्रबिंदू असता एका बिंदूची चूक म्हणजे अंतरात सुमारे ५ टक्के, अर्थात २ मीटरवर १० सेंटिमीटर चूक. यास्तव वर्तुळाची कड बिंदूच्या अंशापर्यंत निश्चित करावी लागते. कड स्पष्ट दिसावी म्हणून खोलीतील रंगांहून वेगळा असा रंग गोलाला दिला जातो. शिवाय गोलाचा जो गुण तोच त्याचा दोष: हात जागच्या जागी वळला तर प्रतिमा बदलत नाही. हे वळण टिपण्याचे काम घूर्णदर्शी, त्वरणमापक व चुंबकत्वमापक यांच्याकडे सोपवावे लागले.

२०१६ मधील ‘ऑक्युलस टच’ने गोल सोडून कड्याभोवती अनेक अवरक्त दीप मांडले. त्यांच्या परस्परस्थानांवरून वळणही कळते. अट एवढीच की कोणता ठिपका कोणत्या दिव्याचा हे ओळखता आले पाहिजे.  २०२२ मधील ‘क्वेस्ट प्रो’च्या हस्तनियंत्रकात दिव्यांचे कडे उरले नाही, प्रत्येकात तीन कॅमेरेच बसविले गेले.