हवाई छत्री आणि तवक्कुल

आमच्या वऱ्हाडात 'पॅराशूट' म्हटले की मुलांना आधी खोबरेल तेलाची निळी बाटली आठवते. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कोणत्याही उर्दू शाळेत हा शब्द फळ्यावर लिहून पाहा, अर्धा वर्ग हसेल. पण उर्दूत त्याला 'हवाई छतरी' म्हणतात आणि मराठीतली जुनी माणसेही 'हवाई छत्री'च म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच शब्द केला, कारण दोघींनी पाहिलेली वस्तू एकच होती. आभाळातून पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उघडलेली छत्री.

या छत्रीचा इतिहास आपल्याकडे सहसा दोन प्रकारे सांगितला जातो. एक प्रकार शौर्याचा: अमक्याने उडी मारली, तमक्याने विक्रम केला. दुसरा प्रकार अभिमानाचा: हे सारे आधी आमच्याच लोकांनी शोधले. दोन्हींत एक माणूस सुटून जातो. ती छत्री ज्याने शिवली, ज्याने तिची घडी घातली आणि उडीआधी ज्याने पाठीवरची गाठ तपासली, तो माणूस. मला या लेखात त्याच्याबद्दल बोलायचे आहे, कारण भरवसा म्हणजे काय हे त्याच्याशिवाय समजत नाही.

आधी अभिमानाची गोष्ट घेऊ. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत हमखास येते की जगातली पहिली पॅराशूट उडी नवव्या शतकात कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिरनासने मारली. इब्न फिरनास हा खरोखरच मोठा विद्वान होता. बगदादच्या विमानतळाजवळ त्याचा पुतळा आहे, चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव आहे. पण त्याच्या उड्डाणाची सविस्तर हकीकत आपल्यापर्यंत येते ती अल-मक्करी या सतराव्या शतकातल्या इतिहासकाराकडून, म्हणजे सातशेहून अधिक वर्षांनी. त्या हकीकतीतही पंख आहेत, छत्री नाही. तो काही अंतर उडाला, मात्र उतरताना त्याच्या पाठीला इजा झाली, कारण त्याने पक्ष्यासारखी शेपटी लावली नव्हती, असे त्यात म्हटले आहे.

दुसरे नाव इस्माईल अल-जौहरीचे. 'अस-सिहाह' हा त्याचा अरबी शब्दकोश आजही मदरशांत आदराने उघडला जातो. सन 1000 च्या आसपास निशापूरच्या मशिदीच्या छतावर तो लाकडी पंख बांधून चढला, उडी मारली आणि मरण पावला. चरित्रकार म्हणतात, तेव्हा त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. हजारो शब्द पारखून घेणाऱ्या माणसाने आपले पंख मात्र पारखले नाहीत. या दोघांना 'पॅराशूटचे जनक' म्हणून आपण त्यांचा मान वाढवत नाही. पुराव्यापेक्षा मोठा दावा केला की मुलांना खऱ्या गोष्टीबद्दलही शंका वाटू लागते.

अशी माणसे सगळीकडे झाली. 4 फेब्रुवारी 1912 रोजी फ्रान्झ राइशेल्ट नावाचा शिंपी स्वतः शिवलेला छत्री-कोट घालून पॅरिसच्या आयफेल टॉवरवर चढला. बाहुल्यांवरचे प्रयोग फसले होते. मित्रांनी अडवले. त्याने ऐकले नाही आणि खाली येईपर्यंत कोट नीट उघडलाच नाही. त्याच्या हिमतीबद्दल कुणालाच शंका नव्हती, कमी पडली ती तपासणी.

छत्री सुधारत गेली ती दुसऱ्याचे ऐकून घेणाऱ्यांच्या हातून. फ्रान्सच्या लेनोर्माँने 1783 मध्ये माँपेलिएच्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरून उडी घेतली आणि 'पॅराशूट' हा शब्द रूढ केला. 22 ऑक्टोबर 1797 रोजी आंद्रे-जाक गार्नरँ पॅरिसमध्ये फुग्यातून रेशमी छत्रीने उतरला. छत्रीखालची टोपली घड्याळाच्या लंबकासारखी हेलकावे खात होती, कारण आत कोंडलेली हवा कधी या कडेने तर कधी त्या कडेने निसटत होती. लालांद या खगोलशास्त्रज्ञाने सुचवले की छत्रीच्या माथ्यावर भोक ठेवा. वाचवणाऱ्या कापडाला भोक पाडायचे हे ऐकायला विचित्र वाटते. पण त्या भोकातून हवा सरळ वर जाते आणि छत्री स्थिर राहते. गोल छत्रीला ते भोक आजही असते.

पुढचा प्रश्न घडीचा होता. 28 एप्रिल 1919 रोजी अमेरिकेत लेस्ली अर्विनने विमानातून उडी मारून, पडता पडता स्वतःच्या हाताने दोरी ओढून छत्री उघडली. उतरताना त्याचा घोटा मोडला, पण पडणारा माणूस शुद्ध हरपत नाही हे सिद्ध झाले. त्याआधीच्या महायुद्धात ब्रिटिश फुग्यांतल्या टेहळ्यांना छत्री मिळत होती, विमान चालवणाऱ्यांना मात्र दिली गेली नव्हती. कितीतरी तरुण जळत्या विमानात बसून खाली आले.

कापडाचीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या कापूस-बाजाराच्या गावांना लगेच कळेल. रेशीम जपानकडून येई. युद्ध पेटल्यावर ते बंद झाले आणि त्याची जागा नायलॉनने घेतली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जनरल स्लिमच्या चौदाव्या सैन्याला रसद टाकायला छत्र्या पुरेनात. तेव्हा कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करून घेतल्या गेल्या. ज्या तागाचे बारदान आपल्या अडतीत पडलेले असते, त्याच तागाची. स्लिमने आपल्या आठवणींत लिहिले आहे की त्या रेशमी छत्रीच्या 85 टक्के तरी काम देत. एकीची किंमत एका पौंडाहून थोडी जास्त, तर रेशमी छत्रीला वीस पौंडांहून अधिक लागत. मात्र त्या फक्त पोती आणि पेट्यांसाठी होत्या. त्यांना माणूस कधी बांधला नाही. 15 टक्क्यांची जोखीम पिठाच्या पोत्यावर घेता येते.

आपल्या देशात छत्री प्रथम आली ती तमाशा म्हणून. 1890 मध्ये कलकत्त्याचे रामचंद्र चटर्जी फुग्यातून छत्रीने उतरले, असे करणारे ते पहिले भारतीय. 1892 च्या मार्चमध्ये ढाक्याच्या नवाब अहसनुल्लांच्या आमंत्रणावरून जीनेट व्हॅन टासेल या अमेरिकन बाईने तिथे उडी घेतली. छत्री नीट उघडली, पण ती झाडावर अडकली. सोडवण्यासाठी बांबू एकमेकांना बांधून उभे केले, ते निसटले आणि बाई खाली पडून दगावल्या. आभाळातून सुखरूप आलेल्या माणसाला जमिनीवरच्या एका कच्च्या गाठीने मारले.

लष्करी उडीची सुरुवात ऑक्टोबर 1941 मध्ये झाली. 50 वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहत होती. लेफ्टनंट ए. जी. रंगराज हे डॉक्टर आणि हवालदार-मेजर मथुरा सिंग हे उडी घेणारे पहिले भारतीय सैनिक. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीत छातीवर दुसरी, राखीव छत्री नसे. पाठीवरची उघडली नाही तर सारे संपले. म्हणजे घडी घालणाऱ्या अनोळखी हातांवर पूर्ण भरवसा. हेच रंगराज पुढे कोरियाच्या युद्धात 23 मार्च 1951 रोजी आपल्या वैद्यकीय तुकडीतले काही जण घेऊन अमेरिकी सैन्यासोबत मुन्सान-नी येथे उतरले. त्यांना महावीर चक्र मिळाले.

याच ब्रिगेडने मार्च 1944 मध्ये मणिपूरच्या सांगशाक गावात जपानी फौजेला चार-पाच दिवस रोखून धरले. उडी नव्हतीच, पायदळाची लढाई होती. छत्र्यांनी टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हाती पडत होती. तिथल्या 152 व्या भारतीय बटालियनमध्ये हिंदूही होते, मुसलमानही. नंतर 1944-45 च्या फेररचनेत या बटालियनच्या दोन केल्या गेल्या: हिंदू पहिल्या बटालियनमध्ये, मुसलमान चौथ्या बटालियनमध्ये. देशाच्या फाळणीला अजून दोन वर्षे होती. 1947 मध्ये ब्रिगेडही वाटल्या गेल्या. 50 वी आणि 77 वी भारताकडे, 14 वी पाकिस्तानकडे. चकलाल्याचे प्रशिक्षण केंद्र सीमेपलीकडे राहिले आणि आपल्याकडे आग्र्याला नवे उभे करावे लागले.

या वाटणीत एका माणसाने वेगळा रस्ता धरला. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, आझमगड जिल्ह्यातल्या बीबीपूरचे, बलूच रेजिमेंटचे अधिकारी. त्यांची रेजिमेंट पाकिस्तानात गेली, ते इथे राहिले. डिसेंबर 1947 मध्ये झांगड हातचे गेले. त्याच सुमारास ब्रिगेडियर परांजपे आजारी पडले आणि त्यांच्याकडून 50 व्या पॅराशूट ब्रिगेडची सूत्रे उस्मान यांच्याकडे आली. झांगड परत घेईपर्यंत पलंगावर झोपणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतल्याचे सांगतात. 6 फेब्रुवारी 1948 ला त्यांनी नौशेरा राखले आणि 18 मार्चला झांगड परत घेतले. 3 जुलैला तोफगोळ्याने ते शहीद झाले. वयाची छत्तीस वर्षे पूर्ण व्हायला बारा दिवस बाकी होते. जामिया मिल्लियाजवळ त्यांचे दफन झाले, पंडित नेहरू जनाज्याला हजर होते.

उस्मान यांची ही गोष्ट आपल्या घरांत आणि शाळांत सांगितली जाते. पण तिचा एक भाग आपण विसरतो. त्यांच्या ब्रिगेडमध्ये तिसरी मराठा लाइट इन्फंट्री होती, जी 1946 मध्ये पॅराशूट बटालियन झाली होती. म्हणजे त्या थंडीत नौशेऱ्याच्या टेकड्यांवर मराठी बोलणारी पोरे एका मुसलमान सेनानीच्या हुकमावर पुढे जात होती, तेही देशभर दंगलींच्या बातम्या ताज्या असताना. उस्मान यांच्या निष्ठेचे कौतुक सगळे करतात. त्यांच्यावर भरवसा टाकणाऱ्या त्या मराठ्यांचेही कौतुक व्हायला हवे. निष्ठेची परीक्षा नेहमी एकाच बाजूची घेतली जाते, पण भरवसा ठेवणे हीदेखील परीक्षाच असते.

हीच बटालियन 1952 मध्ये '2 पॅरा (मराठा)' झाली. 11 डिसेंबर 1971 च्या दुपारी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली ती पूर्व पाकिस्तानातल्या टांगाइलजवळ उतरली आणि पुंगली पूल ताब्यात घेऊन मैमनसिंगकडून माघार घेणाऱ्या फौजेची वाट अडवली. शेतांत विखुरलेल्या पेट्या गोळा करून द्यायला बंगाली गावकरी धावले. त्यांतले बहुसंख्य मुसलमान होते. जगभरच्या बातम्यांत आले की अख्खी ब्रिगेड उतरली, आणि सोबत जुन्या सरावाचे छायाचित्र छापले गेले. प्रत्यक्षात होती एक बटालियन आणि तिला जोडलेल्या तुकड्या. 16 डिसेंबरला ढाक्यात पहिल्यांदा शिरली तीही हीच बटालियन.

आता छत्री बदलली आहे. डोमिना जाल्बर्टच्या 1964 च्या रचनेपासून चौकोनी, हवेने फुगणारी, हवी तशी वळवता येणारी छत्री आली. बिल बूथने तीन कड्यांची साधी युक्ती काढली, तिच्यामुळे बिघडलेली छत्री क्षणात सोडून राखीव उघडता येते. 1991 पासून 'सायप्रेस' हे यंत्र आले, माणूस बेशुद्ध असला तरी ते ठरावीक उंचीवर राखीव छत्री उघडते. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी 18 एप्रिल 2004 रोजी आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली. पण जुन्या पिढीचा उडीबाज असलेला तोच बूथ म्हणत आला आहे की साधन जितके सुरक्षित होते तितकी माणसे जास्त धोका पत्करतात आणि मृत्यू कमी होत नाहीत.

आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग अशा उडीला नाक मुरडतात. जीव अल्लाहची अमानत आहे, आपल्याच हाताने स्वतःला नाशात लोटू नये, असे ते म्हणतात. हे म्हणणे हसण्यावारी नेण्याचे नाही. निशापूरचा जौहरी आणि पॅरिसचा शिंपी यांना ते तंतोतंत लागू पडते. पण त्याच परंपरेत उंटाची हदीस आहे. एकाने विचारले, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का? रसूलुल्लाहांनी सांगितले, आधी बांध, मग तवक्कुल कर. छत्रीची घडी म्हणजे उंटाची दोरी. प्रत्येक दोर सरळ आहे की नाही पाहणे, हूक ओढून पाहणे, पुढच्याची पाठ तपासणे, हे सारे केल्यावर विमानाच्या दारात उभा राहून माणूस जे म्हणतो ते तवक्कुल. त्याआधी म्हटले तर तो आळस आहे.

आणि ही दोरी कुणीच एकट्याने बांधू शकत नाही. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. उडीआधी मागे उभा असलेला सोबती ती तपासतो, खांद्यावर थाप मारतो, तेव्हा पुढचा निघतो. त्या क्षणी तो मागच्याचे नाव, गाव, जात विचारत नाही. छत्रीची घडी घालणाऱ्याची सही नोंदीत असते, आणि तीही आडनाव पाहण्यासाठी नसते, जबाबदारी कुणाची ते कळावे म्हणून असते.

आपल्या गावांत दंगलीनंतर शांतता समित्या बसतात, हातात हात घेतलेली छायाचित्रे छापून येतात. ते वाईट नाही, पण ते उंट न बांधता केलेले तवक्कुल वाटते. भरवसा रोजच्या कामातून तयार होतो: कुणी शिवलेले कापड, कुणी बसवलेली वायर, कुणी तपासलेली उत्तरपत्रिका. मुलांना उस्मान शिकवताना मी आता त्यांच्यासोबत नौशेऱ्याचे मराठेही शिकवतो. फळ्यावर दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहितो आणि विचारतो, यांत कुणी कुणाची पाठ तपासली? मुले वाद घालतात. तास संपला तरी तो वाद संपत नाही, आणि मी तो संपवण्याची घाई करत नाही.