जिन्यावरचा थांबा

एप्रिल २०२१. बाबांचा एचआरसीटी रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर पडला आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "स्कोअर किती?" २५ पैकी १४. फुप्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला पाचपैकी गुण. कमी गुण मिळावेत म्हणून देव पाण्यात ठेवलेली ही पहिलीच परीक्षा.

बाबा बरे झाले, पण दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत थांबू लागले. सहा महिन्यांनंतरच्या रिपोर्टात शब्द होता, फायब्रोसिस. सूज ओसरली, तरी हवेच्या पिशव्यांच्या भिंतींत व्रण राहिला होता. जाड भिंतीतून ऑक्सिजन सहज जात नाही.

हा शब्द कोविडआधीचा. २००३ च्या सार्स साथीनंतर हाँगकाँगमध्ये घरी गेलेल्या २४ रुग्णांचे सीटी काढले, तेव्हा १५ जणांत व्रणाच्या खुणा होत्या. बीजिंगमध्ये रुग्णालयातच सार्स झालेल्या ७१ जणांचा माग १५ वर्षं ठेवला गेला. फुप्फुसाचा बाधित भाग सरासरी ९.४ टक्के होता, वर्षभरात ३.२ वर आला. २०१८ मध्ये तो ४.६ होता, म्हणजे पहिल्या वर्षानंतर फारसं काही भरलं नाही.

सीटी मशीन बनवणारा हाउन्सफिल्ड माझ्यासारखाच इंजिनिअर. त्याच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००. म्हणजे स्कॅन घनता मोजतो, दम नाही.

आम्ही १४ हा आकडा पाठ केला. पुढचं वर्ष मोजायचं मात्र राहून गेलं. बाबा अजून दुसऱ्या मजल्यावर थांबतात. म्हणतात, "चप्पल सैल झालीय."