कला आणि तिचे माप

कला म्हटली की आपल्याला गायन आठवते, नाही तर चंद्राची कोर. पण आपल्या ज्योतिषात कला हे कोनाचे माप आहे. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला. म्हणजे पूर्ण वर्तुळात २१,६०० कला. बंदुकीवरील दुर्बिणीची चकती फिरवताना जे ‘मिनिट’ मोजतात, ती हीच कला होय.

तेथे लांबी न मोजता कोन का मोजावा? बंदुकीचे तोंड एक कला वळले, तर नेम १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर सरकतो, ३०० मीटरवर ८.७. कोन तोच, अंतर तिप्पट, म्हणून फरकही तिप्पट.

हे गणित आपल्याला परके नाही. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ज्यांची सारणी दिली, तीत त्रिज्या ३,४३८ कला धरलेली आहे. २१,६०० कलांचा परीघ असेल, तर त्रिज्या तेवढीच येते! परीघ आणि त्रिज्या एकाच मापाने मोजण्याची ही युक्ती भास्कराचार्यांनी ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’तही वापरली. कळवणच्या दक्षिणेची सातमाळेची रांग पूर्वेला अजिंठ्याच्या डोंगरांना मिळते. त्या डोंगरांच्या पायथ्याशी, चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाला शके ११२८ मध्ये दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला.

पश्चिमेत ‘रेडियन’ हा शब्द १८७३ मध्ये छापला गेला. त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाचा कोन तो रेडियन. म्हणजे आर्यभटाच्या ३,४३८ कलाच! त्याचा हजारावा भाग मिलिरेडियन, अर्थात ३.४३८ कला. तो १०० मीटरवर बरोबर १० सेंटिमीटर दाखवितो. तोफखान्यात भागाकार सोपा व्हावा म्हणून अनेक देशांनी वर्तुळाचे ६,२८३ ऐवजी ६,४०० भाग केले, आणि त्या भागाला ‘मिल’ म्हटले.

आता घोटाळा पाहा. काही दुर्बिणींत आतील खुणा मिलिरेडियनच्या, तर बाहेरची चकती कलांची असते. ३०० मीटरवर गोळी ६० सेंटिमीटर खाली लागली. खुणांनी २ असा आकडा दाखविला. नेमबाजाने चकतीही २ च फिरविली, तर दुरुस्ती होते अवघी १७ सेंटिमीटरची. हवे होते जवळजवळ ७.

आकडा खोटा नव्हता. त्याचे माप विसरले होते. पूर्वी भाव विचारताना लोक शेराचा की किलोचा, हे आधी विचारून घेत. तेवढी सावधगिरी कोनाच्या बाबतीतही पुरे आहे.