चिअर्सचं कूळ

ऑफिसच्या पार्टीत नवखा अडखळतो तो पहिल्याच शब्दाला : चिअर्स. कधी म्हणायचं, हातात नुसता लिंबू सोडा असेल तर म्हणायचं की नाही? पगार झाल्यावर मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये टेबलाभोवती घोळके जमतात, त्यात असा एखादा अवघडलेला चेहरा असतोच.

चेहरा हाच या शब्दाचा मूळपुरुष. ग्रीक ‘कारा’ म्हणजे डोकं. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्याचा चेहरा झाला आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तोही चेहरा म्हणूनच. पुढे चेहऱ्यावरचा भाव, मग प्रसन्न भाव. ग्लास उंचावून ‘चिअर्स’ म्हणायची रीत मात्र जेमतेम शंभर वर्षांची, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची. ब्रिटिश सहकारी ईमेलच्या शेवटी चिअर्स लिहितो, तेव्हा तो फक्त आभार मानत असतो.

‘टोस्ट’ जुना. वाइनमध्ये मसाला लावलेला भाजका पाव बुडवत. सतराव्या शतकात ते नाव, जिच्या नावानं प्यायचं त्या व्यक्तीला चिकटलं.

या टेबलावर आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670च्या दशकात इकडे होता. 1698 साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्याच्या नेरूळची दारू येते. तिच्यापासून इंग्रज लोक ‘पंच’ करतात, पाच जिन्नस म्हणून ते नाव, असं तो सांगतो. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही, पण मला फ्रायरची साक्ष मोलाची वाटते. तो इथे राहून लिहीत होता. ‘पेग’सुद्धा हिंदुस्थानातल्या साहेबांनी रुळवला. आज छोटा 30 मिलिलिटरचा, मोठा 60चा.

बारच्या पाटीवरचं ‘परमिट रूम’ तर थेट 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं अपत्य. कायद्यानं आजही पिणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात.

म्हणून नवख्यांनो, चिअर्स हा चेहऱ्याचा शब्द आहे, ग्लासात काय आहे त्याचा नाही. सोडा असला तरी समोरच्याकडे बघून मोकळेपणानं म्हणा. आणखी एक वाक्य पाठ असू द्या : ‘आय ॲम गुड, थँक्स.’ म्हणजे मला पुरे. ते ऐकल्यावर आग्रह करणाऱ्यांनीही बाटली खाली ठेवावी.